आधी गाव सांगा

गेल्या वर्षी अक्षय तृतीयेच्या सकाळी महाळुंग्याच्या एका गृहसंकुलात बाबूभाई मुलाणी यांनी आपणच लावलेलं मोईचं झाड आपल्याच हातांनी उपटायला घेतलं. रोपं विकण्याच्या त्यांच्या इतक्या वर्षांच्या धंद्यात ही वेळ पहिल्यांदाच आली होती.

त्यांची नर्सरी पौडच्या एसटी स्टँडपासून पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. तिथे रोपं जातीप्रमाणे नाही, गावाप्रमाणे लावलेली आहेत. पहिली रांग ताम्हिणीची, मग मुळशी, पौड, पिरंगुट आणि शेवटची महाळुंग्याची. ज्या गावाच्या पावसावर जे झाड आपलं आपण वाढतं, ते त्या रांगेत. मी तालुक्याचा वार्ताहर होतो. पहिल्यांदा तिथे गेलो तो घरासाठी रोप घ्यायला.

"बकुळ आहे का?"

"आधी गाव सांगा."

"भूगाव."

"पानी घालनार, का नुसता फोटू काढनार?"

मी खरं उत्तर दिलं. बाबूभाईंनी मला बहावा दिला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "ताम्हिणीला ढग डोंगराला थटतोय आन् तितंच रिकामा हुतोय. म्हनून तितलं झाड बारा म्हैने हिरवं. म्हाळुंग्यापतुर निस्ती ढगाची सावली येतीया. तिकडलं झाड उन्हाळ्यात पानं टाकून मोकळं हुतंय. पान म्हंजे पान्याचा खर्च."

हे गणित ते जगभर लावत. हजला गेले तेव्हा बसच्या खिडकीतून वाळवंटातली काटेरी झाडं दिसली, तर त्यांनी शेजारच्या झोपलेल्या यात्रेकरूला हलवून उठवलं. "उठा, बाभळीची भावकी हाय ही. पान बारीक, काटा मोठा. पानी न्हाई तितं पसरट पान परवडंल का?" पुतण्याने कॅनडातून बर्फातल्या सूचिपर्णी झाडांचा फोटो पाठवला, तो त्यांनी नर्सरीत आलेल्या प्रत्येकाला दाखवला. "कौलारू झाडं हायेत. बरफ पडला की घसरून खाली. कुनी शिकीवलं त्यान्ला? हवेनं."

महाळुंग्याच्या संकुलाच्या अध्यक्ष खरे मॅडम ऑगस्टमधली ताम्हिणीची सहल करून थेट नर्सरीत आल्या होत्या. त्यांना तसंच जंगल मागच्या मोकळ्या जागेत हवं होतं.

"ताम्हिणीचा पाऊस बी नेनार का सोसायटीत?" बाबूभाईंनी विचारलं.

"काका, आमच्याकडे बोअर आहे."

"मार्चात असतंय का त्याला पानी?"

मार्चात टँकर येतो, हे मॅडमनी कबूल केलं. बाबूभाईंनी शेवटच्या रांगेतली चाळीस झाडं दिली: पळस, बहावा, काटेसावर आणि नऊ मोई. सगळी पुरुषभर उंचीची. खड्डे त्यांनी स्वतः उभं राहून खणून घेतले.

पहिल्या मार्चमध्ये चाळीसही झाडं निष्पर्ण झाली. रहिवाशांच्या ग्रुपवर काड्यांचे फोटो फिरले. झाडं मेली असून ती काढून रविवारी पाम लावावेत, असं ठरलं. शनिवारी बाबूभाईंचा मला फोन आला. "बातमी न्हाई द्यायची. साक्षीला या."

रविवारी खणणारी माणसं येऊन थांबली होती. बाबूभाईंनी एका बहाव्याच्या सालीवर नखाने रेघ ओढली. आत हिरवं होतं.

"मेलं न्हाई, मॅडम. निजलंय."

"आणि उठणार कधी? लोक मला रोज विचारतात."

"आखितीपतुर थांबा. अक्षय तृतीयेला ज्याला पालवी नसंल, ते मी सोता उपटून नेतो. मग तुमी पाम लावा, न्हाईतर झेंडा लावा."

मॅडमनी हे लिहून घेतलं आणि खणणारी माणसं परत गेली.

अक्षय तृतीयेला मॅडम, बाबूभाई, त्यांची जांब्याला राहणारी मुलगी शबाना आणि मी, अशा चौघांनी मोजणी केली. एकतीस झाडांना पालवी होती. मोईच्या नऊच्या नऊ काड्या कोरड्या होत्या. बाबूभाईंनी दोनदा फेरी मारली. मग एका बहाव्याशेजारी बसले आणि हसायला लागले.

"पौडातल्या मोईचा हिशेब हितं लावला मी. तितं वल जास्त, ती लवकर उठतीया. ही कशी उठंल?"

"अब्बा, अख्ख्या तालुक्याला गाव विचारता," शबाना म्हणाली, "आणि स्वतःच्या शब्दाला नाही विचारलं?"

"न्हाई विचारलं, बाई."

ते उठले आणि कडेच्या मोईला हात घातला. मॅडम म्हणाल्या, "काका, राहू द्या ना." बाबूभाई म्हणाले, "शब्द हाय." त्यांनी जोर लावला. झाड मुळासकट आलं नाही, बुंध्यापासून वीतभरावर मोडलं. मोडल्या जागी ओल होती आणि डिंकाचा थेंब जमत होता. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं, मग ते बोट बराच वेळ पाहिलं.

"मी अध्यक्ष आहे," त्या म्हणाल्या. "मुदत जूनपर्यंत वाढवते. आता दुसऱ्याला हात लावायचा नाही."

"आन् हे मोडलेलं?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

बाबूभाईंनी मोडलेल्या काडीचं खालचं टोक कोयत्याने तिरकं केलं आणि ती शेजारीच हातभर खोल रोवली. मावळात कुंपणासाठी मोईचे खुंट असेच रोवतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आठ मोईंना पालवी आली. रोवलेल्या काडीला त्यानंतर बारा दिवसांनी आली. मोडलेल्या बुंध्यालाही फुटवा आला, त्यामुळे झाडं एकेचाळीस झाली.

यंदा मार्चमध्ये एकेचाळीस झाडं पुन्हा निष्पर्ण झाली. त्या महिन्यात संकुलाच्या सूचनाफलकावर टँकरची वेळ आणि लिफ्टच्या दुरुस्तीची सूचना होती. झाडांबद्दल काही नव्हतं.