विकतची भाजी

स्कारोलचा कडू पाला उकडला की दोन्ही मुठींनी पिळायचा असतो, मनगटं भरून येईपर्यंत. थेंबभर पाणी मागे राहिलं तरी खालची पोळी भिजते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पिझ्झाचा लगदा होतो. ईस्टरच्या सोमवारी आख्खा गोतावळा डोंगरावरच्या पाइनच्या बनात जेवायला जातो. तिथे खायचं ते सगळं आदल्या दिवशीच शिजवून ठेवायचं आणि थंडच खायचं. मॅकरोनीचं जाड ऑम्लेट, कवचासकट अंडी खोचून भाजलेला पाव, आणि एर्सिलियाचा पिझ्झा: वर पोळी, खाली पोळी, मध्ये पाला, काळे ऑलिव्ह, बेदाणे, खारवलेली मासळी.

तिच्या आईची बोटं संधिवाताने वाकडी झाली तेव्हापासून हा पिझ्झा एर्सिलियाकडे आला. बाई साधी, शाळा लहानपणीच सुटलेली, पण गर्व एखाद्या बिशपला शोभेल असा. गर्व स्वतःच्या रानातल्या पाल्याचा. नवरा राफेले होता तोवर दोघं पहाटे दवात उभं राहून तो कापायची. बनातल्या टेबलावर ट्रे ठेवताना ती दरवर्षी तेच म्हणायची, "काल हा जमिनीत होता."

मग रस्त्यापलीकडच्या जुन्या खाणीत कारखान्यांच्या विषारी कचऱ्याचे ट्रक यायला लागले. कुणाचे ते गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त खुर्चीवर बसलेल्या साहेबांना. पिंपं पुरली गेली, टायर जळाले, वाळत घातलेल्या चादरी काळ्या झाल्या. राफेले पोटाच्या कॅन्सरने गेला. डॉक्टर म्हणाला, सिगारेटमुळे. त्या माणसाने जन्मात सिगारेट ओढली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही, या कचऱ्याविरुद्ध गावात उभ्या राहिलेल्या समितीवाल्यांनी, वर्गणी काढून विहिरींचं पाणी तपासून आणलं. एर्सिलियाच्या विहिरीत विष निघालं, ते तिच्याच दारात उभं राहून तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "हळू बोला."

त्या दिवसापासून तिने पंप बंद केला. रस्त्याकडेचे दोन वाफे मात्र पेरत राहिली, येणाऱ्याजाणाऱ्याला हिरवं दिसावं म्हणून. पाला वाढला की स्वतःच कुदळीने गाडून टाकायची. शेजारचं रान धाकट्या भावाचं, साबातीनोचं. तो म्हणायचा, "माझी विहीर खोल आहे, ताई," आणि पेट्या भरभरून टेम्पोत चढवायचा. कुठे जातात, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "लांब."

या वर्षी एर्सिलिया बस धरून शहराच्या मंडईत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्कारोल विकत घेतला. घरी येताना पिशवीवर शाल टाकली होती, चोरी केल्यासारखी. कुणाला बोलली नाही. बोलणार कशी? विकतचा घेतला म्हणणं म्हणजे आपली जमीन मेली असं चारचौघांत कबूल करणं.

सोमवारी बनात टेबलं जोडली गेली. तिने ट्रे ठेवला. यंदा ते नेहमीचं वाक्य मात्र तिच्या तोंडून आलं नाही.

"बघा, राणीसाहेब आल्या!" फियोरे ओरडला. हा तिचा पोट सुटलेला भाचा, गोतावळ्यातला विदूषक. "मावशी, तुझा ट्रे दिसला की माझ्या बायकोचं तोंड कसं पडतं बघ."

"तुझं पोट पडायला आलंय, ते सांभाळ आधी," एर्सिलिया म्हणाली. सगळे हसले.

फियोरेने मोठा तुकडा उचलला आणि कागदात गुंडाळला. "घरी निवांत खातो. इथे ऑम्लेटने जागा अडवलीय." त्याच्या बायकोनेही तुकडा गुंडाळला. मग पुढच्याने. मग त्याच्या पुढच्याने. प्रत्येकाने वाहवा केली, प्रत्येकाने गुंडाळला, दाताला कुणी लावला नाही. असे तुकडे परतीच्या वळणावर गाडीच्या खिडकीतून खाली जातात, आणि विहिरीचं सगळ्यांपर्यंत पोचलंय, हे कळायला तिला कुठलीही शाळा लागली नाही.

साबातीनोची नात नोएमी ट्रेपाशी आली. तिने हात पुढे केला तेवढ्यात तिच्या आईने, सामांताने, त्या हातावर चापट मारली.

"पाव घे तू."

"पण आत्याआजीचा मला आवडतो!"

"एकदा सांगितलं ना!"

सामांताने वर पाहिलं. एर्सिलिया तिच्याकडेच बघत होती. सामांताचे कान लाल झाले. "तसं काही नाही हो आत्या... हल्ली पोट बिघडतं तिचं."

एर्सिलियाने सुरी खाली ठेवली. एक वाक्य बोललं की सगळे खाणार होते. तेच वाक्य बोललं की राफेलेचं रान कायमचं पुरलं जाणार होतं. ती पोरीच्या हाताकडे बघत राहिली.

"विकतचा आहे," ती म्हणाली.

"काय?"

"पाला. माझा नाही, विकतचा आहे. माझ्या रानात आता काही पिकत नाही. खा."

फियोरेने हळूच कागद सोडला. "थोडी जागा आहे म्हणा अजून." हसू पसरलं आणि सगळीकडे कागद चुरचुरू लागले. नोएमीने दोन्ही हातांनी तुकडा धरला. ट्रे भराभर रिकामा होत होता. असा रिकामा ट्रे पाहिला की एर्सिलियाच्या अंगावर दरवर्षी मूठभर मांस चढायचं. यंदा तिने नजर वळवली.

साबातीनोही खात होता. "मंडईतला का, ताई? कुणाकडचा?"

"कोपऱ्यावर तो बाळीवाला असतो ना, कानात बाळी घालणारा, त्याच्याकडचा. डोंगरापलीकडच्या प्रांतातला माल, म्हणाला. पेटीवर शिक्काही होता."

साबातीनोचं तोंड चावता चावता थांबलं. मग त्याने वाकून नोएमीच्या हातातला तुकडा हिसकावला. पोरगी रडायला लागली.

"बाबा, काय करताय?" सामांता म्हणाली.

"थंड आहे. पोट दुखेल."

"थंडच खातात मामा हा!" फियोरे भरल्या तोंडाने हसला.

एर्सिलिया हसली नाही. ती टेबलाला वळसा घालून भावासमोर जाऊन उभी राहिली.

"तुझ्या पेट्या कोण नेतो रे, साबातीनो?"

तो तुकडा कागदात गुंडाळू लागला.

"बाळीवाला?"

"मला दोन पोरं पोसायची होती, ताई," तो म्हणाला. "शिक्के मी नाही मारत. शिक्के तो मारतो."

"तुझी विहीर खोल आहे ना? मग खा. माझ्यासमोर खा."

त्याने खाल्ला नाही.

तेव्हा एर्सिलियाने ट्रे उचलला आणि टेबलाच्या एका टोकाकडून निघाली. "ठेवा." फियोरेच्या हातातला अर्धा घेतला, त्याच्या बायकोचा घेतला. "ठेवा म्हटलं ना." जन्मभर वाढत आलेली बाई माणसांच्या हातातला घास परत मागत फिरत होती, आणि जे पोटात गेलं होतं ते तिला मागता येत नव्हतं. फियोरेचे दोन तुकडे खाऊन झाले होते. सामांताने नोएमीला झाडामागे नेलं आणि तिच्या घशात बोट घातलं.

मंगळवारी सकाळी साबातीनोच्या फाटकाशी बाळीवाल्याचा टेम्पो आला. पेट्या चढल्या. एर्सिलिया रस्त्याच्या मधोमध उभी होती. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, मग काच खाली केली.

"बाजूला हो, म्हातारे."

"आज कुठल्या प्रांताचा शिक्का मारणार?" तिने विचारलं.

तो हसला. काच वर केली, आणि तिच्या त्या दोन हिरव्या वाफ्यांवरून चाकं घालून निघून गेला.