बैलांकडे बघून येतो

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन असे. उपदेश संपवून माझे यजमान मेजावरचं पांढरं फडकं बाजूला करू लागले की दाराजवळ बसलेला एक माणूस उठायचा. शेजाऱ्याच्या कानाशी वाकून म्हणायचा, "बैलांकडे बघून येतो," आणि बाहेर जायचा. भाकर आणि प्याला सगळ्यांमधून फिरून आले, शेवटचं गीत सुरू झालं, की तो परत येऊन दाराशी उभ्यानेच गाऊ लागे. बैल बाहेर लिंबाखाली निवांत रवंथ करत असत.

हे याकोबमामा. मिशनची छपराची बैलगाडी हाकायचे. पाळकाची बायको होऊन मी घनसावंगीजवळच्या त्या गावी आले, तेव्हा निजामाचं राज्य जायला अजून दहा-बारा वर्षं होती. मामांनी तेव्हा पन्नाशी ओलांडली असावी. उंच, वाळलेले आणि मितभाषी.

माझ्याबद्दलही थोडं सांगायला हवं. मी जालन्याच्या मुलींच्या बोर्डिंगमध्ये वाढले. आईबाप मला आठवत नाहीत. बोर्डिंगमध्ये कुणी वाईट वागवलं नाही, पण जी मुलगी कामाला येते तिलाच ठेवून घेतात, अशी माझी लहानपणीच समजूत झाली होती. त्यामुळे घंटा व्हायच्या आत मी अंगण झाडून मोकळी असे. लग्नानंतरही तेच. मुलांची शाळा, आजाऱ्यांच्या भेटी, आल्यागेल्याचं जेवण. आणि चुकून बसलेच तर हातात सुईदोरा.

एकदा कुंभार पिंपळगावला जाताना मामा गाडी हाकता हाकता म्हणाले, "बाई, तुमी नुसत्या बसलेल्या मी आजून बघितल्या न्हाईत."

"आणि तुम्ही प्रभुभोजनाला बसलेले मी पाहिले नाहीत," मी म्हणाले.

बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं. मामांनी बैलांना चुचकारलं आणि मागे न बघता सांगायला सुरुवात केली.

"आमच्या गावात गाठीचा रोग, पलेग, आल्ता. समदं गाव माळावर खोपी करून राह्यलं. मही माय पडली. मी तिच्या उशाला पाण्याची घागर ठिवली अन् निघून गेलो. भ्यालो, बाई. दुसरं काय न्हाई. दोन दिसांनी परत आलो, तं माय गेल्ती. घागर तशीच भरलेली व्हती. तिला उठून पाणी घेताच आलं न्हाई."

त्यांनी कासरा ओढून गाडी खड्ड्याच्या बाजूने काढली.

"बाप्तिस्मा घेतला तवा पाळक म्हन्ले, सगळं माफ हाय. आसंल. पन त्या मेजापाशी जायला तोंड पायजे ना."

पुढच्या उन्हाळ्यात वडीगोद्रीकडे पटकीची साथ आली. आम्ही औषध घेऊन गेलो, तर एका घरात एक म्हातारी एकटीच पडलेली सापडली. घरातली माणसं शेतात राहायला गेली होती. आम्हाला पुढच्या गावांना जायचं होतं. मामा म्हणाले, "तुमी दुसरी गाडी करा. मी थांबतो." चार दिवस त्यांनी तिला चमच्याने पाणी पाजलं, तिचं सगळं काढलं. म्हातारी वाचली.

मला वाटलं, सुटला आता हा माणूस. पुढच्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम पुरुषांच्या बाजूला नजर ठेवून बसले. फडकं निघालं आणि मामा उठले. मला चक्क राग आला. उपासना संपल्यावर मी त्यांना लिंबाखाली गाठलं.

"मामा, आता तरी?"

"म्हातारीपाशी थांबलो, ते बराबर केलं. पन मायपाशी थांबलो न्हाई, ते तसंच ऱ्हातं. ह्याच्यानं ते कसं पुसंल?"

मी स्वतः तरी दुसरं काय करत होते? कालचं काम आज पुरणार नाही या भीतीने रोज नव्याने कामाला लागत होते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मामांना विषमज्वर झाला. त्यांचं कुणी नव्हतं, म्हणून आम्ही त्यांना आमच्या ओसरीवरच्या खोलीत आणलं. पाच आठवडे ताप होता. त्यांना कूस बदलता येत नव्हती. अंग पुसायला, कपडे बदलायला मी आणि माझे यजमान. मी जवळ गेले की मामा भिंतीकडे तोंड करून रडायचे.

"बाई, नका करू. माय तशीच गेली अन् मही सेवा व्हऊन राह्यली. मही लायकी न्हाई."

मी दमले होते. फडकं पिळता पिळता म्हणाले, "लायकी विचारतंय कोण? तुम्ही कामाचे आहात म्हणून मी करत नाहीये. देवसुद्धा तसं बघून करत नाही. स्वस्थ पडा."

शाळेत मुलांना ठरलेलं उत्तर सांगावं तसं मी ते बोलले. पण मामांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"बिलकुल न्हाई इचारत?"

"बिलकुल नाही."

बरे झाल्यावर महिन्याच्या पहिल्या रविवारी मामा काठी टेकत आले आणि नेहमीच्या जागी बसले. फडकं निघालं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, उठल्यासारखे हलले आणि पुन्हा बसले. माझे यजमान भाकरीचं ताट घेऊन त्यांच्यासमोर आले. मामांनी तुकडा घेतला. तो खायला त्यांना फार वेळ लागला. माझे यजमान तोवर तिथेच थांबले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मामा, कसं काय ठरवलंत?"

"ठरवलं काय न्हाई. उठाया लागलो, तं वाटलं, कशाला? देवानं बलावलं तवा त्याला मायचं ठावं व्हतंच की."

आई त्यानंतर त्यांच्या बोलण्यात सहज येऊ लागली. ती अंबाडीची भाजी कशी करायची, चिडली की कशी हाक मारायची, हे ते हसून सांगत. पूर्वी तिच्या मरणापलीकडे ते काही बोलत नसत.

माझी मुलगी चालू लागली त्या वर्षी याकोबमामा गेले. दोन दिवसांचं आजारपण. शेवटी आम्ही दोघंही जवळ होतो. पण मुलगी पोटात असतानाची एक दुपार सांगायची राहिली.

त्याआधी माझी दोन बाळं अपुऱ्या दिवसांतच गेली होती. या वेळी जालन्याच्या डॉक्टरणीबाईंनी सक्त सांगितलं, पाचवा महिना लागल्यापासून अंथरुणातून उठायचं नाही. शाळा बंद पडली. मंडळीतल्या बायका पाळीपाळीने येऊन स्वयंपाक करू लागल्या. मी आढ्याकडे बघत पडून राही, आणि बाहेर झाडूचा आवाज आला की मला रडू येई. बायका भाकरी घेऊन आल्या की मी त्यांची माफी मागत असे.

मामा पाणी भरायला आले होते. घागर ठेवून ते दाराशी उकिडवे बसले.

"बाई, मी तापात व्हतो तवा तुमी मला एक सांगितलं व्हतं. ते खरं व्हतं, का नुसतं मह्यापुरतं?"

"खरं आहे, मामा."

"मंग तुमी कशाला रडून राह्यल्या?"

मी तोंडावर पदर घेतला.

"देवानं तुमाला कामाला न्हाई ठिवलं, बाई. लेक म्हून घरात आणलंय. लेक आजारी पडली तं घरचे तिला उठ म्हणत न्हाईत."

एवढं बोलून ते बैल सोडायला गेले.

त्या दुपारी मी झोपले. भर दिवसा, शाळेच्या वेळेला. जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती आणि उशाशी ताटात कुणीतरी भाकरी झाकून ठेवली होती. कुणी केली, कुणाला तसदी झाली, काही विचारलं नाही. कुशीवर वळून मी ती खाल्ली.