पुण्यातला तुकडा

काहीही विचारायचं असलं की मावशी पदराचं टोक गालाशी धरायच्या आणि म्हणायच्या, "इचारू का? राग न्हाई ना यायचा?" मग माझ्या उत्तराची वाट न पाहता विचारून मोकळ्या व्हायच्या.

दवाखान्यात न विचारणारीच माणसं जास्त, हे तुम्हीही पाहिलं असेल. डॉक्टर बोलतात, माणसं माना हलवतात आणि बाहेर आल्यावर एकमेकांना विचारतात, काय म्हणाले? मी नगरच्या एका कॅन्सर हॉस्पिटलात कामाला आहे. ऑपरेशनच्या आधी पेशंटला भेटायचं, काढलेल्या गाठीचा उरलेला तुकडा संशोधनासाठी देता का म्हणून विचारायचं आणि संमतिपत्रावर सही घ्यायची, हे माझं काम. बहुतेक जण पहिल्याच ओळीला अंगठा पुढे करतात.

या पेशंट मावशींनी मात्र हात पदराखाली ठेवले. "आदी वाचा. समदं वाचा."

त्या पाथर्डीच्या पुढच्या एका कोरडवाहू गावातल्या. उमेदीची वर्षं ऊसतोडीत गेलेली. सकाळी उठलं की भाजलेल्या तंबाखूची मिसरी, दुपारी भूक मारायला मिसरी. गालाच्या आत गाठ दुखायला लागली, तेव्हा तिच्यावरही त्या मिसरीच दाबत राहिल्या.

मी चारही पानं वाचली. मग साध्या शब्दांत सांगितलं. अंगातली चांगली पेशी वाढते, थांबते, वेळ झाली की मरते. कॅन्सरची पेशी थांबायचं विसरते. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिला छोट्या बशीत वाढवतात आणि कोणतं औषध तिला मारतं ते बघतात.

"इचारू का? मी मेल्यावर बी त्ये जित्तं ऱ्हाईल?"

"राहू शकतं."

"म्हंजी माझं वाईट तेवढंच मागं ऱ्हायचं," असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी नकार दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावून घेतलं. शेजारच्या खाटेवर तिशीतली एक बाई आली होती, लहान लेकरू घरी ठेवून. तिच्याही गालात तसलीच गाठ.

"हिच्या उपेगी पडंल का त्ये?"

"हिच्या कदाचित नाही. पुढं हिच्यासारख्या एखादीच्या पडेल."

"घ्या मंग अंगठा. पर त्याचं काय हुतंय, ते मला सांगत जायचं."

मी कबूल केलं.

ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला. बोलणं जड झालं, तरी शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला आल्या की पहिला प्रश्न तोच. "पुन्यातलं कसं हाय?" मी प्रयोगशाळेत फोन करायची. पेशी बशीला धरल्यात, वाढतायत, असं तिथली मुलगी सांगायची. मी ते मावशींना सांगितलं की त्या मान हलवायच्या आणि पदर वर ओढून घ्यायच्या. मला वाटायचं, समाधान झालं.

दीड महिन्यांनी त्या मुलीचाच फोन आला. बशीत बुरशी शिरली होती, सगळं टाकून द्यावं लागलं. असं होतं कधी कधी, म्हणाली. जिचा अर्धा चेहरा गेला, तिला हे कसं सांगायचं? पुढच्या तपासणीला त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "चांगलं वाढतंय." एकदा म्हटलं, मग प्रत्येक वेळी तेच म्हणावं लागलं.

काही महिन्यांत गाठ मानेत पुन्हा उठली. उपचार संपले आणि मावशींचं येणंही थांबलं. एका रविवारी मी एसटीनं त्यांच्या गावी गेले. सुनेनं खाट ओसरीत आणून ठेवली होती. मावशी इतक्या वाळल्या होत्या की गोधडीखाली कुणी आहे असं वाटेना. मला पाहून त्यांनी पदराचं टोक चाचपलं. काय विचारणार ते मला ठाऊक होतं.

"मावशी, ते मेलं. केव्हाच मेलं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

त्या चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सुनेकडे मान वळवली. "आगं, मेलं म्हनं त्ये." मग एकेक शब्द जुळवत माझ्याशी बोलल्या. समजला नाही तो शब्द सून सांगत होती.

"आदीच सांगायचं की वं ताई. मला वाटायचं, तिकडचं वाढतंय तवर हिकडची गाठ कशी मरंल. एकाच येलाचं ना त्ये."

मी सांगितलं, तसं नसतं मावशी. एकदा कापून नेल्यावर तिकडच्याचा इकडे काही संबंध उरत नाही. तुमची गाठ त्यामुळे उठली नाही. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

"ह्ये बी वाचायचं हुतं," म्हणाल्या. रागानं नव्हे. माझा हात त्यांच्या हातात होता.

चार पानं मी मोठ्यानं वाचली होती. ही एक ओळ त्यात नव्हती, आणि आपण होऊन सांगावी असं मला सुचलं नव्हतं. कितीतरी महिने ती बाई माझ्याकडे त्याच्या मरणाची बातमी विचारायला येत होती, आणि मी तिला हसून सांगत होते, वाढतंय.

नवव्या दिवशी सुनेचा फोन आला. मावशी सकाळी गेल्या होत्या. अशा वेळी बोलायचं ते मी बोलले. फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "ताई, तुमी गेल्यावर आत्याबाई त्या दिशी दुपारभर झोपल्या. लई महिन्यांनी."