वीतभर बाभूळ

जुन्या मशिनी पारखण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरेल असा माणूस सोलापूर ते दुधनी या टापूत दुसरा नाही, आणि तरीही बारा वर्षं शोधून त्यांच्या स्वतःच्या घरी लाकूड कापायची मशीन आलेली नाही. यातली अकरा वर्षं त्यांच्या चिकित्सेची. बारावं मात्र माझ्या नावावर आहे. मी त्यांचा ओंडका जाळला. जाळला तो जाळला, वर खोटं बोललो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण शेवटी सांगू म्हणून ठेवलं की माझ्याकडून ते राहूनच जातं, असा गेल्या आठ महिन्यांचा माझा अनुभव आहे.

थोरले साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते मला तम्मा म्हणतात. तिकडच्या कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. दुधनीच्या आडतीत त्यांनी जन्मभर धान्य तोललं. काटा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास रोखून उभं राहायची सवय त्यांना तिथे लागली ती पुढे काटा सुटला तरी सुटली नाही. आमच्याकडे आले की खुर्चीवर बसण्याआधी तिचे चारही पाय हलवून बघतात. कलिंगड घ्यायला गेले तर कलिंगडवाला दुसऱ्या गिऱ्हाइकांची आधी क्षमा मागतो. माझं लग्न ठरताना मुलीकडची मंडळी मला बघायला आली, तेव्हा बाकीचे पगार, घर, शिक्षण विचारत होते आणि हे बाहेर उंबऱ्याशी उकिडवे बसून माझ्या चपला उलट्या करून बघत होते. आत येऊन सासऱ्यांना म्हणाले, "मामा, द्या पोरगी. दोन्ही टाचा सारख्या झिजल्यात. माणूस सरळ चालतोय." त्यांनी पहिल्या भेटीत पास केलेल्या मोजक्या वस्तूंमध्ये मी एक, याचा मला सव्वीस वर्षं अभिमान होता.

त्यांच्या शेताच्या बांधावर वेडी बाभूळ माजलेली. घरात आंघोळीचा तांब्याचा बंब, आणि भाकरी चुलीवरचीच पाहिजे हा आक्कांचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, हट्ट. एवढं लाकूड अण्णा कुऱ्हाडीने फोडायचे. साठीनंतर उजवा खांदा कुरकुरायला लागला तेव्हा ठरलं, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत घ्यायची. आमच्याकडे तिला सगळे नुसतं 'कटर' किंवा 'मशीन' म्हणतात. नवीच का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. अण्णांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "नव्या मशिनीचा सवभाव कुणाला ठावं? ती आजून कुणासंगं नांदलीच न्हाय. जुनी खोटं बोलती, पण तिला पकडता येतंय की!"

ते कसं पकडतात याचं मला पहिल्यापासून विलक्षण कुतूहल. दर मंगळवारी ते एसटीने सोलापूरला यायचे आणि मी कचेरीतून अर्धा दिवस रजा टाकून त्यांच्यामागे जुन्या मशिनींच्या दुकानांत हिंडायचो. आधी ते काही न बोलता मशिनीच्या धुराड्यावर तळवा ठेवत. ते गार पाहिजे. कोमट लागलं तर दुकानदाराने गिऱ्हाईक यायच्या आत एकदा चालू करून घेतली, म्हणजे ती गार असताना उठायला कुरकुरते. एका दुकानदाराने शपथेवर सांगितलं, "अण्णा, उन्हानं तापलीय हो, सोलापूर हाय हे!" अण्णांनी शेजारच्याच ग्राइंडरवर तळवा ठेवला. तो गार होता. "ह्येला ऊन लागत न्हाय व्हय?" म्हणून ते पायरी उतरले. मग स्क्रू. स्क्रूंची तोंडं झिजलेली असतील तर तिच्या पोटात बऱ्याच जणांनी हात घातलाय, असं समजायचं. मग सुरू करायच्या दोरीची मूठ धरून अख्खी मशीन हवेत लोंबती सोडायची. दोरी उलगडत ती धापकन खाली आली तर इंजिनाचा दम संपलेला. थांबत थांबत, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी आली तर अजून जीव आहे. त्या वेळी अण्णांचा चेहरा मी बघत राहायचो. आडतीतला काटा पुन्हा त्यांच्या हातात आलेला असे.

मग साखळीच्या एकेका दातावर नख. डाव्या अंगाचे दात उजव्यांपेक्षा बुटके निघाले तर करवत वाकडी चालणार. एकदा असंच निघालं तेव्हा अण्णा म्हणाले, "घासणारा आळशी हाय. एका अंगाला हात चांगला बसतोय तिकडंच घासत बसलाय." त्या दुकानाच्या मालकांनी, चाचांनी, गंमत म्हणून मशिनीच्या मूळ मालकाला फोन लावला, तर तो म्हणाला, दुसऱ्या बाजूला घासताना माझी पाठ दुखते. चाचा त्या दिवसापासून अण्णांना वचकून असत, पण तोंड मात्र बंद ठेवत नसत. "अण्णा, मशीन लेरे की इसका इंटरव्ह्यू लेरे?" अण्णा शांतपणे म्हणायचे, "चाचा, धारंची वस्तू हाय. घरात धार आनायची तर वळख पायजे." चालू करून खटक्यावरचं बोट सोडलं तरी साखळी फिरत राहिली, तर बाकी सगळं चांगलं असूनही मशीन नापास. "हिला थांबायचं कळत न्हाय," एवढंच कारण.

सगळ्यात शेवटी ओंडका. हा त्यांच्याच बांधावरचा, दंडाएवढा जाड, चांगला वाळलेला बाभळीचा ओंडका. प्रत्येक दुकानात वेगळं लाकूड कापून मशिनीची तुलना कशी होणार, हा त्यांचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर त्याला उत्तर नाही. म्हणून अकरा वर्षं ते एकच ओंडका पोत्याच्या पिशवीत घालून एसटीने आणत. एकदा कंडक्टरने अडवलं. "आजोबा, ह्ये काय?" "लाकूड." "जाळायला?" "न्हाय. तपासायला." प्रत्येक मशिनीने त्या ओंडक्याची एक बोटभर जाड चकती कापायची. खाली पडलेला चुरा अण्णा तळहातावर घेत. पीठ पडलं तर दात मेलेले, पोह्यांसारखं पडलं तर जिवंत. मग निळ्या पेन्सिलीने चकतीवर शेरा. 'बरी, पण खोकते.' 'मालक खोटा, मशीन खरी.' एकीवर नुसतं 'अरेरे.' आणि उरलेल्या ओंडक्यावर पुढच्या कापासाठी निळी रेघ. पंचक्रोशीतले लोक अण्णांना विचारून मशिनी घेऊन गेले, त्यांच्या घरची लाकडं कापलीही गेली. अण्णांच्या घरी मात्र पत्र्याच्या डब्यात चकत्या वाढत गेल्या आणि ओंडका वीतभर उरला.

गेल्या वर्षी एका मंगळवारी चाचांकडे एक जुनी केशरी मशीन आली. तळव्याला गार, स्क्रू शाबूत, दोरीवर थांबत थांबत उतरली, बोट सोडताच साखळी थांबली, चुरा पोह्यांसारखा पडला. अण्णांनी चकतीवर काहीच लिहिलं नाही. मला वाटलं, काहीतरी चुकलं. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "तम्मा, हीच. फुडल्या मंगळवारी आजून एकदा कापून बघतो, आन उचलतो." माझ्या घरी आल्यावर त्यांनी ओंडका मागच्या पडवीत आमच्या बंबाच्या डाव्या बाजूला उभा ठेवला. बायको शेजारी गेली होती. "ह्यो हितंच ठिवतो. आता एका हप्त्यासाठी कुटं नेऊ परत?" मी मोबाइलमध्ये बघत "हं, हं" म्हणालो.

बुधवारी सकाळी बंबाची लाकडं संपलेली. मी हाताला लागेल ते घेतलं. ओंडका बंबात मावेना म्हणून कुऱ्हाडीने फोडला. चौथा तुकडा आत सारताना त्यावर निळी रेघ दिसली. तेव्हा मला कळलं. तो एक तुकडा वाचवता आला असता. पण चौथाई ओंडका समोर ठेवून मी काय सांगणार होतो? मी तो आत सारला. त्या पाण्याने आंघोळही केली.

मंगळवारी अण्णा आले, सरळ पडवीत गेले आणि परत आले. "तम्मा, ओंडका?" मी आठवडाभर तयार केलेलं वाक्य वेगळं होतं. तोंडातून आलं ते हे : "कुठला? तो तर तुम्ही सोबत नेलात, अण्णा." ते माझ्याकडे बघत राहिले. काटा स्थिर होईपर्यंत बघावं तसे. मग खाली मान घालून म्हणाले, "व्हय का? नेला असंल." त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता तर मी त्याच क्षणी कबूल झालो असतो. त्यांनी स्वतःवर घेतला.

चाचांकडे त्या दिवशी ते गेले नाहीत. अक्कलकोटच्या एसटी स्टँडवर उतरून त्यांनी चौकशी केली, म्हणे, वीतभर बाभूळ कुणाला सापडली का. पुढच्या मंगळवारी आले नाहीत. केशरी मशीन दुसऱ्या कुणीतरी नेली. मी फोन केला तर म्हणाले, "मशीन बघायची तर डोस्कं जाग्यावर लागतंय. राहू दे." त्यांचे वडील शेवटच्या वर्षांत असेच विसरायला लागले होते. एकदा शेजाऱ्याच्या घरात जाऊन, माझी भाकरी वाढा, म्हणून बसले होते. अण्णांना दुसरी कसली भीती नाही, ही एकच आहे, आणि हे मला ठाऊक होतं. आक्कांच्या फोनवरून कळत गेलं : खिशात चिठ्ठ्या लिहून ठेवतात, 'किल्ली खिळ्यावर', 'गोळी सकाळी घेतली'. बंब विझवला का ते बघायला दोनदा उठतात. मी प्रत्येक वेळी "वय झालं की होतंच" म्हणायचो आणि फोन ठेवून पडवीत जाऊन बंबाकडे बघत उभा राहायचो. एका रविवारी आक्का म्हणाल्या, "आता एकटं एसटीनं कुटंच जायचं न्हाय म्हनत्यात. हरवंन म्हनत्यात." मी चपला घातल्या आणि स्टँड गाठलं.

दुधनीला पोचलो तेव्हा दोघं अंगणात लिंबाखाली बसले होते. मधे तो पत्र्याचा डबा. आक्का एकेक चकती काढून शेरा स्वतःकडे धरायच्या आणि अण्णा न बघता नुसत्या काठावरून बोट फिरवून मशीन ओळखायचे. "ही बार्शीवाल्याची. धुराड्याला तार बांधलीवती. शेरा, 'नको'." आक्का म्हणाल्या, "बरूबर. बघा की वो पावनं, डबा निम्मा झाला, एक चुकलं न्हाय, तरी म्हनत्यात माझं डोस्कं गेलं!"

"त्येच तर," अण्णा म्हणाले. "समदं आठवतंय. आन तुज्या बंबाच्या डाव्या अंगाला ओंडका ठिवल्यालं बी तसंच लख्ख आठवतंय, तम्मा. तू मोबाइल बघत हुतास. आता जे झालंच न्हाय ते हितकं साफ दिसत असंल, तर ह्या बाकीच्यावर तरी मी कसा भरवसा ठिवू?"

मी उभाच होतो. म्हणालो, "अण्णा, तो ओंडका मी जाळला."

आक्कांच्या हातातली चकती तशीच राहिली. अण्णांनी मान वर केली.

"कवा?"

"बुधवारी सकाळी. दुसऱ्याच दिवशी."

"फोडून?"

"चार तुकडे केले."

"घाव किती लागलं?"

"तीन."

"तीनच?" त्यांच्या कपाळावर आठी आली, मग ती गेली. "व्हय. बारा वर्सं वाळलाय त्यो. धूर?"

"अजिबात नाही."

"पानी?"

"उकळलं, अण्णा."

ते मान हलवू लागले, एखादी मशीन पास झाल्यासारखी. आक्का उसळल्या. "आवो, त्येनी आठ म्हैनं खोटं बोललं, त्ये इचारा की! लाकडाचं काय इचारत बसलायसा!"

"बिडो," अण्णा म्हणाले. सोडून द्या म्हणायचं असलं की ते कानडीत शिरतात. "लाकूड जळायसाटीच असतंय." पण बोलता बोलता त्यांची नजर पायरीखाली काढलेल्या माझ्या चपलांवर गेली आणि तिथेच थांबली. ते उठून त्या उलट्या करून बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितल्या नाहीत. ते मला जास्त लागलं.

मी त्यांच्या समोर मातीत बसलो, पायांवर डोकं ठेवलं आणि गाडीत घोकलेलं सगळं विसरून एवढंच बोलू शकलो : "अण्णा, लाकडाची माफी मी न मागताच तुम्ही दिलीत. मला दुसरी मागायचीय. तुम्ही ओंडका माझ्याच पडवीत ठेवला होता. बंबाच्या डाव्या बाजूला, उभा. मला सांगून ठेवला होता, आणि मी मोबाइल बघत होतो. तुम्हाला आठवतंय ते सगळं तसंच घडलंय. तुम्ही काहीच विसरला नव्हता. मी खोटं बोललो. मला माफ करा."