मधली मेढ

दिवाळी आटोपली की तुळशीच्या लग्नाआधी खळ्यात माटव घालायचा, ही आमच्याकडची रीत. खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. त्यात मेढी पुरायच्या, म्हणजे वर बेचकं असलेले लाकडी खांब. त्यांवर आडे, आड्यांवर काठ्या आणि सगळ्यांवर विणलेल्या झावळ्या, की झाला माटव. मिरगाच्या, म्हणजे मृगाच्या पावसाच्या, आधी तो उतरवायचा, मेढी गोठ्याच्या माळ्यावर टाकायच्या, आणि रिकाम्या खड्ड्यांवर करवंट्या पालथ्या घालून वर माती लोटायची. पुढच्या वर्षी तेच खड्डे पुन्हा शोधायचे.

आमचं खळं दोन घरांचं. एका अंगाला आम्ही, दुसऱ्या अंगाला ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भावजी, आणि त्यांची बायको, जिला मी वयनी म्हणते. वाटण्या झाल्या तेव्हा घराच्या मधोमध चिऱ्याची भिंत आली. माड वाटले, फणस वाटला, विहिरीवरच्या वेळासुद्धा वाटल्या. खळ्यात मात्र तुळस होती. तिचे दोन भाग कोण करणार? म्हणून खळं तेवढं सामायिक राहिलं. त्या वाटण्यांत भाऊ एकमेकांना काय काय बोलले ते मी ऐकलं आहे. त्यानंतर बोलणंच बंद झालं. नवरे बोलेनासे झाले म्हणून आम्ही जावाही बोलेनाशा झालो. रागीट मीही आहे, पण माझा राग भाताला कढ येईपर्यंत टिकतो. ह्या दोघांचा केस पांढरे होईपर्यंत टिकला.

पण माटव एकट्याने घालता येत नाही. एकाने मेढ धरायची, दुसऱ्याने ती खड्ड्यात दगड ठोकून घट्ट करायची. त्यामुळे वर्षातून एक सकाळ भावजी खांद्यावर पहार टाकून खळ्यात उतरत. पहारीने जमीन ठोकत जात, आणि आवाज पोकळ आला की थांबत. तोवर हे मेढ घेऊन उभे असत. मग ‘धर’, ‘उचल’, ‘सोड’, इतकंच बोलणं. चहा दोन घरांतून दोन यायचे. वयनी त्यांच्या पायरीवर कप ठेवी, मी आमच्या. दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून चहा पीत आणि पुन्हा मेढीला हात घालत. मला हसू यायचं आणि चीडही यायची. पण त्या सकाळी मी खिडकीतून हलत नसे.

हे गेले ते श्रावणातल्या पावसात. सकाळी अंघोळीला पाणी मागितलं, आणि पाणी काढून येईपर्यंत संपलं होतं. खळ्यात बाहेर काढलं तेव्हा वरून नुसता धो धो. माणसं छत्र्या घेऊन उभी, कोणाचं तोंड कोणाला दिसेना. भावजी न बोलावता आले. स्वतः चिंब भिजत ह्यांच्या तोंडावर छत्री धरून उभे राहिले, उचलेपर्यंत. बाराव्यानंतर आपल्या पायऱ्या चढले आणि पुन्हा सगळं होतं तसं झालं.

माझा मुलगा कुडाळला कामाला आहे, मोटारसायकलने रोज ये-जा करतो. बापाचं अंग भिजलं हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. तो म्हणाला, ‘‘आये, परत असा होवचा नाय. खळ्यार पत्र्याची शेड घालूया, कायमची.’’ परत म्हणजे कोणाच्या वेळी, ते त्याने सांगितलं नाही. घरात त्याच्याखेरीज उरले होते मी, तेव्हा विचारायची गरज नव्हती.

मी म्हटलं, ‘‘यंदा ऱ्हवांदे.’’

‘‘आता माटव घालूक कोण येतलो?’’ तो म्हणाला.

माझ्या मनात तेच तर होतं. हे नसताना भावजी पहार घेऊन खळ्यात उतरतील का? उतरले तर दोन घरांत काहीतरी शिल्लक आहे. नाही उतरले तर ह्यांच्याबरोबर तेही जळून गेलं. मला ते पाहायचं होतं. आणि शेड घातली तर पाहायलाच मिळणार नव्हतं, कारण यायचं कारणच संपणार होतं.

खळं सामायिक, तेव्हा भावजींना विचारणं भाग होतं. मुलगा गेला तसा परत आला.

‘‘काय म्हणाले?’’

‘‘घाल म्हणाले.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि काय नाय.’’

मला असा संताप आला! नको म्हणाले असते, भांडले असते, तर मला बरं वाटलं असतं.

दसरा झाल्यावर गवंडी आला. त्याने दोरी लावून काटकोन धरले आणि खळ्याच्या कडेने खड्डे घेतले. लाल माती संपून खाली जांभ्याचा कठीण थर लागेपर्यंत ते खोल नेले. कडेचे जुने खड्डे या नव्या खड्ड्यांत गेले. त्यांतून चिऱ्याचे तुकडे निघाले, कौलांच्या खापऱ्या निघाल्या. हे सगळं दोघा भावांनी वर्षानुवर्षं मेढीभोवती ठोकलेलं. माणसं ते ढिगाऱ्यावर भिरकावत होती. मी ओरडले आणि सगळं वेचून तुळशीपाशी रचून ठेवलं. कशासाठी, ते मला विचारू नका. मधला खड्डा मात्र वाचला, कारण पत्रा तोलणाऱ्या लोखंडी कैच्यांना मध्ये आधार लागत नाही.

गवंडी बोलका होता. लाकूड मातीत कुजतं, लोखंड मातीत गंजतं, म्हणून खांब मातीत पुरायचाच नाही, असं त्याचं म्हणणं. मातीत राहील ते काँक्रीट, आणि खांब त्यावर कोरडा उभा. खड्ड्यात आधी खडीचा थर झाला, त्यावर सळ्यांची जाळी, जाळीतून वर उभ्या सळ्या, मग काँक्रीट. ते जमिनीच्या वर वीतभर आणलं, पावसाचं पाणी खांबाच्या बुडाला लागू नये म्हणून. माथ्यावर चार बोल्ट. ते हलू नयेत म्हणून भोकं पाडलेली प्लायवूडची फळी त्यांवर बसवली होती. सगळे माथे एका पातळीत हवेत, म्हणून पाणी भरलेली पारदर्शक नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. ‘‘हलू नको हां, आये,’’ मुलगा ओरडला. मी हलत नव्हते. पाणी मात्र बराच वेळ वरखाली होत राहिलं.

फळ्या काढल्यावर खळ्याच्या दोन्ही कडांना ठोकळेच ठोकळे दिसू लागले. गवंड्याने त्यांवर गोणपाट गुंडाळले आणि सांगून गेला, ‘‘काकी, सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. सुकू देऊ नका, नाहीतर तडा जातो.’’ खांब दिवाळीनंतर यायचे होते. तोवर पाणी मारायचं काम माझं. मी बादली आणि तांब्या घेऊन ठोकळ्याठोकळ्यापाशी थांबे. ह्यांच्या आजारपणात काही करायला मिळालं नव्हतं, कारण आजारपणच नव्हतं. ते सगळं मी त्या ठोकळ्यांचं केलं, असं आता वाटतं.

एका सकाळी बादली घेऊन आले तर भावजींच्या बाजूचे गोणपाट आधीच भिजलेले. दुसऱ्या दिवशीही तेच. मी त्यांच्या ओटीकडे पाहिलं. भावजी माडाच्या शेंड्याकडे बघत बसले होते, जणू तिथे काही लिहिलेलं आहे, आणि पायरीवर कळशी पालथी घातलेली होती. मी माझ्या बाजूच्या ठोकळ्यांना तेवढं पाणी घातलं आणि आत आले.

दिवाळी झाली. एका सकाळी चुलीशी होते आणि पहारीचा आवाज आला. ठक, ठक, ठक, आणि मग पोकळ. हातातलं टाकून बाहेर धावले. भावजी खळ्याच्या मध्यावर उभे होते. करवंटी बाजूला काढून ठेवलेली, आणि माळ्यावरची मधली मेढ त्यांनी एकट्याने ओढत आणलेली. धाप लागली होती. चारी बाजूंना काँक्रीटचे ठोकळे, त्यांवर बोल्ट, लवकरच लोखंड उभं राहणार, हे त्यांना दिसत होतं. ते काही खुळे नव्हते.

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून भावजी माझ्याशी थेट कधी बोलले नव्हते. थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी बोलत नसे, निरोप असला तर वयनीकडून यायचा. त्या सकाळी त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, ‘‘धर गो.’’

मी धरली. त्यांनी तुळशीपाशी रचलेले तुकडे एकेक करून आणले आणि मेढीभोवती पहारीने ठोकले. ठोकताना रडत होते. मीही रडत होते, पण हात सोडले नाहीत. मेढ उभी राहिल्यावर त्यांनी ती हलवून पाहिली, पहार खांद्यावर टाकली आणि गेले.

शेड झाली. निळा पत्रा, लोखंडी खांब, सगळं देखणं. आणि मध्ये ती मेढ, कसलाच भार नसलेली, पत्र्याच्या कितीतरी खाली. मुलगा एकदा करवत घेऊन आला होता, मी त्याला परत पाठवला. मोटारसायकल तो वळसा घालून आणू लागला.

शिमग्यानंतर भावजींनी अंथरूण धरलं. मिरग आला, मेढ काढायचे दिवस आले, पण ते आले नाहीत. आषाढात गेले. त्याही दिवशी धो धो पाऊस. त्यांना खळ्यात आणून मेढीशेजारी ठेवलं. सगळा गाव पत्र्याखाली उभा होता, कोणाचं अंग भिजलं नाही. माझ्यासाठी घातलेली शेड आधी भावजींच्या कामी आली.

तेराव्यानंतर वयनी आपल्या पायऱ्या उतरली. खळं ओलांडून आली, मेढीला हात लावला आणि म्हणाली, ‘‘ही काढूक होयी गो. पाऊस इलो.’’ पत्रा आहे, पाऊस लागत नाही, हे तिला दिसत होतं आणि मलाही. आम्ही दोघींनी मेढ कवटाळली आणि जोर लावला. तसूभर हलली नाही.

‘‘घट्ट बसयल्यानी,’’ वयनी म्हणाली आणि खालीच बसली.

मी म्हटलं, ‘‘वयनी, चाय घेतंस?’’

ती माझ्या स्वयंपाकघरात आली. वाटण्यांनंतर पहिल्यांदा. बसली, भिंतीकडे बघत राहिली, पूर्वी तिच्या बाजूला जायचं दार होतं तिथे. मी चुलीवर आधण ठेवलं. नवऱ्यांकडे निदान धर आणि सोड तरी होतं, आमच्याकडे तेवढंही नव्हतं. मी साखरेचा डबा काढला तेव्हा ती म्हणाली, ‘‘त्यांका चाय गोडमिट्ट लागाची. आणि तुझ्या घोवाक?’’

‘‘तशीच,’’ मी म्हटलं. ‘‘तीन चमचे.’’

वयनीने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं दोन पायऱ्यांवर दोन कप ठेवले होते, आणि चहा एकच होता.