चांगल्या रिझल्टचा एरिया

मॅडमनी दार ढकललं. टकटक केली नाही. त्या दारावर कधीच कुणी टकटक करत नसे.

"आणि ही मेडची खोली," त्या म्हणाल्या. "आत छोटं बाथरूम पण आहे. वरच्या फ्लॅटलाही अश्शीच आहे."

मी फरशीवर बसले होते. मांडीवर भूमितीची वही. मॅडमच्या मागे पुण्याहून आलेल्या एक बाई होत्या आणि त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. बाईंनी आत डोकावलं. छत बघितलं, भिंत बघितली, खिडकी नाही हे बघितलं. मग त्यांना मी दिसले.

"अगंबाई! फुल टाइम आहे का?"

"हो ना. आमची श्रीलंकन पळून गेली. मग हिला ठेवलं. आपल्याकडची आहे, मराठी समजतं, तेवढं बरं पडतं."

"लहान दिसते."

"कामाला चांगली आहे."

दार बंद झालं. पलीकडे मॅडम त्यांना वॉशिंग मशीन कुठे बसतं ते दाखवत होत्या. मी पेन्सिल हातात धरून तशीच बसले. त्यांनी फ्लॅट दाखवला होता. हॉल, दोन बेडरूम, किचन, मी.

मी मेड नव्हते. मी आठवी ब मध्ये होते. मॅडमची मुलगी ऋचा होती त्याच वर्गात.

शारजाच्या अल मजाज भागात, खाडीसमोरच्या टॉवरमध्ये मी कशी पोचले ते सांगते. नव्वदनंतरची पहिली वर्षं होती ती. माझे बाबा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. साहेब, म्हणजे मॅडमचे मिस्टर, तिथे प्रोजेक्ट मॅनेजर. बाबांचा व्हिसा कंपनीचा, आणि कंपनीत साहेबांचा शब्द चालायचा. आम्ही बुलढाण्याकडचे. बौद्ध. साहेबांनी बाबांचं आडनाव पहिल्याच दिवशी दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा कळलं नाही म्हणून, दुसऱ्यांदा कळलं म्हणून.

आम्ही अजमानला राहायचो. एका जुन्या बिल्डिंगीत, एका खोलीत तिघं. आईने भिंतीवर एक फोटो लावला होता. कुणाचा ते आमच्या माणसांना सांगावं लागत नाही. एका शुक्रवारी साहेब साइटवरून परतताना आमच्याकडे येणार असं कळलं, तेव्हा बाबांनी तो फोटो काढून बॅगेत ठेवला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. साहेब बरोबर त्याच्याखाली बसले.

त्यांनी आमचं पाणी घेतलं नाही. गाडीत बाटली आहे म्हणाले.

"पोरगी कुठल्या शाळेत?" त्यांनी विचारलं. बाबांनी सांगितलं. साहेब हसले.

"अरे, घर काय भाडं बघून घेतात? घर शाळेचा रिझल्ट बघून घेतात. मी अल मजाजला उगाच नाही राहिलो. दरवर्षी पेपरात दहावीचे रिझल्ट येतात, ते मी कापून ठेवतो. कुठल्या शाळेत किती डिस्टिंक्शन, किती नापास. आमच्या शाळेत नापास कोणी नाही. तुझ्या अजमानच्या शाळेत निम्मी पोरं उडतात. तिथं ठेवलीस तर पुढे काय करील ही? भांडी घासेल."

बाबा मान हलवत होते. साहेबांच्या प्रत्येक वाक्याला एकदा.

"पण साहेब, ती शाळेची बस इकडे येत नाही," बाबा म्हणाले. "आणि तिकडचं भाडं..."

"तेच सांगतोय. हिला आमच्याकडे ठेव. शाळा पाच मिनिटांवर आहे. ॲडमिशनचं मी बोलतो. ऋचाला सोबत होईल. मॅडमना थोडी मदत करील. घरच्यासारखी राहील."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाहिलं. त्यांनी साहेबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते.

साहेब गेल्यावर आई म्हणाली, "घरच्यासारखी म्हणजे घरची नाही." बाबा तिच्यावर ओरडले.

मी पहिल्या दिवशी मॅडमना काकू म्हटलं. "काकू नको म्हणू. मॅडम म्हण," त्या म्हणाल्या. माझं ताट सिंकच्या खालच्या कपाटात ठेवलं, फिनाइलच्या बाटलीशेजारी. हॉलमध्ये देवांची फळी होती, तिथली धूळ तेवढी मी पुसायची नाही. बाकी सगळ्या घराची पुसायची. सकाळी चहा, तिघांचे डबे, मग युनिफॉर्म. दुपारी भांडी. मग इस्त्री. पहिल्यांदा पाळी आली ती त्याच घरात. मी घाबरून मॅडमकडे गेले. त्या दोन पावलं मागे सरकल्या. म्हणाल्या, "तुझे कपडे आमच्या मशीनमध्ये टाकायचे नाहीत." एवढंच. बाकीचं मला आईने गुरुवारी सांगितलं; आठवड्यातली तेवढी एक रात्र मी अजमानला घरी जायचे. तोपर्यंत मी बादलीत, गार पाण्यात, स्वतःच शिकले होते.

शाळेत ऋचा माझ्याशी बोलत नसे. मुलींनी तिला विचारलं, आम्ही दोघी एकाच बिल्डिंगमधून कशा येतो. ती म्हणाली, "शी वर्क्स फॉर अस." तेव्हापासून वर्गात माझं नाव मेड. हाक मारायची तरी मेड. "मेड, माय बॉटल." "मेड, क्लीन द बोर्ड." एका टीचरनेही एकदा हसत म्हटलं.

सहामाहीत गणितात मला ऋचापेक्षा जास्त मार्क पडले. मी येडी, मला वाटलं साहेबांना आनंद होईल. ते रिझल्टवालेच होते ना. त्यांनी माझा पेपर हातात घेतला, पाहिला, टेबलावर उलटा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीचे कपडे अभ्यासाच्या वेळी येऊ लागले. चादरीसुद्धा. चादरींना कोण इस्त्री करतं?

हे मी बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ते म्हणाले असते, शिकतेयस ना, मग सहन कर. आईला सांगितलं नाही, कारण तिला आधीच माहीत होतं. ती गुरुवारी माझे हात बघायची. हात उलटे करायची, सुलटे करायची, आणि खोबरेल लावायची.

तर तो शुक्रवार. पुण्याची मंडळी वरचा फ्लॅट घ्यायच्या विचारात होती, म्हणून तसंच असलेलं हे घर बघायला आली होती. ते गृहस्थ नुकतेच साहेबांच्या कंपनीत लागले होते. फ्लॅट दाखवून झाला. मला हाक आली. चहाचा ट्रे घेऊन मी हॉलमध्ये गेले.

साहेब रंगात होते. पेपरची कात्रणं टेबलावर पसरली होती.

"हे बघा. ही आमची शाळा. ही दुबईची. आणि ही अजमानची, हा हा, हिच्याकडे बघूच नका. भाडं कमी म्हणून लोक तिकडे जातात आणि पोरांचं वाटोळं करतात. रिझल्ट म्हणजे काय शेवटी? कुणाची पोरं शाळेत येतात, ते. इथं सगळी आपली माणसं. चांगल्या घरची."

"आणि कोटाबिटा नाही ना इथं," पुण्याचे गृहस्थ म्हणाले.

"छे! म्हणून तर रिझल्ट आहे."

सगळे हसले. मी कप देत होते. साखर किती, हे विचारायचं होतं, ते मी विचारलं. माझा आवाज नीट आला. त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

त्यांची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने मला विचारलं, "डू यू गो टू स्कूल?" तिचा हेतू वाईट नसावा. तिला फक्त विचारायचं होतं.

मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "नाही गं. तिला कुठली शाळा!"

तेव्हा काय झालं मला नीट सांगता येत नाही. राग आला असं नाही. कान बंद झाले. इतके दिवस मी ताट, फिनाइल, बादली, चादरी हे सगळं एका गोष्टीसाठी गिळलं होतं. आणि तीच गोष्ट मॅडमनी चहात साखर ढवळता ढवळता पुसून टाकली.

मी ट्रे खाली ठेवला. कात्रणांवरच ठेवला.

"मी जाते शाळेत," मी म्हणाले. "आठवी ब. ऋचाच्या वर्गात. ह्याच शाळेत, जिचा रिझल्ट साहेब दाखवतायत."

पुण्याच्या मुलीने ऋचाकडे पाहिलं. "इज शी इन युअर क्लास?"

ऋचा म्हणाली, "आय डोन्ट नो हर."

"आत जा," साहेब म्हणाले.

"आत म्हणजे कुठे? ती खोली पाहुण्यांना दाखवून झालीय."

साहेब उठले. हळू आवाजात बोलले, पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या हळू. "बघितलंत? चार अक्षरं दिली की ही माणसं डोक्यावर बसतात. जातीवर जातात शेवटी."

पुण्याचे गृहस्थ कपात बघत होते. त्यांची बायको म्हणाली, "जाऊ द्या हो, लहान आहे." मग मुलीला जवळ ओढून म्हणाली, "तू इकडे बस."

साहेबांनी साइटवर फोन केला. शुक्रवारची सुट्टी असून बाबा ओव्हरटाइमला होते. ते कंपनीच्या पिकअपमधून आले, अंगात निळं कव्हरऑल, बुटांना सिमेंट. दारातच उभे राहिले. कुणी आत ये म्हटलं नाही. पाहुणे अजून बसलेले.

"काय केलं हिनं, साहेब?"

"हिलाच विचार."

बाबांनी मला विचारलं नाही. ते म्हणाले, "माफी माग."

"नाही."

"पोरी, माफी माग त्यांची."

"नाही मागणार. मी खोटं बोलले नाही."

बाबांनी मला मारलं. गालावर. त्यांनी त्याआधी मला कधी मारलं नव्हतं. हात इतका जड होता की मी भिंतीवर आपटले, देवांच्या फळीखाली.

साहेब म्हणाले, "इथं मारामारी नको. शेजारी बघतात."

मग बाबांनी हात जोडले. "साहेब, चूक झाली. पोर आहे. शाळेतून काढू नका."

त्या जोडलेल्या हातांकडे मी पाहिलं. गाल दुखत होता, त्याचं काही नव्हतं. ते हात माझ्यासाठी जोडले होते. माझ्या नावावर. मी त्या घरात जितके दिवस राहिले, तितके दिवस हे हात असेच जोडलेले होते, फक्त मला दिसत नव्हते. मी बाबांचा हात खाली ओढला. जोर लावून. ते सोडेनात. मी मनगटाला धरून खेचला.

"चला," मी म्हणाले. "मला नको ही शाळा."

"तू कोण सांगणार?" मॅडम म्हणाल्या. "तुला नको म्हणे! शाळेलाच नको असशील तू आता."

मी माझी वह्यापुस्तकं आणली. ताट घेतलं नाही. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरले. मागून बाबांचे बूट वाजत होते.

पिकअपमध्ये ते रडले. अजमान येईपर्यंत. "तुझ्यासाठीच केलं सगळं," म्हणाले. मला त्यांची कीव करायची नव्हती, आणि ती येत होती.

आईने दार उघडलं. गाल बघितला. बाबांकडे बघितलं. मग बॅग उघडून तिने तो फोटो काढला आणि खिळ्याला लावला. सरळ आहे का ते मागे होऊन पाहिलं. आणि आम्हाला जेवायला वाढलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं वाटलं असतं. संपली नाही. त्या महिन्यातच बाबांची बदली फुजैराच्या साइटवर झाली. लेबर कॅम्पात राहायचं, महिन्यातून एकदा घरी. मला वर्षाच्या मध्यात अजमानच्या जुन्या शाळेत परत घ्यायला तयार नव्हते. आई रोज जाऊन ऑफिसबाहेर बसायची. शेवटी घेतलं. तिथे सायन्सचे सर नोकरी सोडून गेले होते, दुसरे आलेच नाहीत. प्रयोगशाळेला कुलूप. आम्ही आकृत्या बघून प्रयोग लिहायचो.

दहावीला मला कसाबसा सेकंड क्लास मिळाला. ऋचाचा फोटो पेपरात आला. त्या दिवशी मॅडमनी आईला फोन केला. दोन वर्षांनी. "कळलं हिचं. आम्ही तर आमच्याकडून केलं होतं," त्या म्हणाल्या. आईने रिसीव्हर खाली ठेवला. साहेबांचं बरोबर ठरलं होतं. त्यांची कात्रणं खरी होती. शाळा वाईट होती, रिझल्ट वाईट होता, मी त्या रिझल्टमध्ये होते.

बाबा त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत. फुजैराहून गावी परत गेले, तेव्हाही नाही.

दोन हजार साल उलटल्यावर मी शारजात एका लीझिंग ऑफिसात लागले. फ्लॅट दाखवायचं काम. मी बाहेरून बी. कॉम. केलं होतं, हिंदी-इंग्लिश बरं होतं, थोडं अरबी कळत होतं. मराठी कुटुंबं आली की मलाच पाठवायचे. सगळ्यांचे प्रश्न तेच. शाळा कुठली जवळ? रिझल्ट कसा? मग आवाज खाली आणून, "बिल्डिंगमध्ये कोण कोण आहे?"

पहिली काही वर्षं मी उत्तर द्यायचे, "सगळी फॅमिली आहेत, मॅडम." नोकरी होती. आई माझ्याकडे होती, ऑफिसने त्याच भागात दिलेल्या फ्लॅटमध्ये.

एकदा मुंबईचं एक जोडपं आलं. बँकेतला माणूस, बायको, गरोदर. पोर जन्मायचं होतं आणि शाळेची चौकशी चालू होती. फ्लॅट आवडला. खाडी दिसत होती. बाई खिडकीत उभी राहून म्हणाली, "रिझल्ट चांगला आहे म्हणतात इथल्या शाळेचा. पण शेजार कसा आहे? म्हणजे, आपली माणसं आहेत ना? तुम्हाला समजतंय ना मी काय म्हणते ते?"

"समजतंय," मी म्हणाले. "समोरच्या फ्लॅटमध्ये एक बाई राहते तिच्या आईबरोबर. बुलढाण्याकडची. बौद्ध. ती मीच."

नवऱ्याने घड्याळ पाहिलं. बाई म्हणाली, "नाही नाही, तसं नाही हो..." आणि तिचा हात पोटावर गेला, जसं काही मी तिथपर्यंत पोचणार होते.

ते गेले. फ्लॅट घेतला नाही. मॅनेजर माझ्यावर ओरडला, "खलास! यू आर मॅड?" म्हणाला, पुन्हा असं केलंस तर घरी पाठवीन.

मी त्याला सांगितलं, पुन्हा करीन. जो विचारेल त्याला सांगीन. शाळेचा रिझल्ट सांगीन, बसची वेळ सांगीन, आणि शेजारी कोण आहे तेही सांगीन, माझ्या आडनावासकट. ज्याला चालत नाही त्याने दुसरा एरिया बघावा. मी इथून उठणार नाही.