दास मेडशेन

नात मोबाईलवर जर्मन शिकते. काल ती वैतागून म्हणाली, "आजी, यांच्यात मुलगी नपुंसकलिंगी!" आणि मी थेट वेंगुर्ल्याच्या आमच्या ओटीवर जाऊन पोचले.

साठ-एकसष्ट साल असेल. दादा कारखान्यात काम शिकायला जर्मनीला जाणार होता. तो, ती, ते यांच्यासाठी देर, दी, दास असं घोकत तो येरझारा घालायचा आणि मी आडाळ्यावर नारळ खवत ऐकायचे. ओल्या खोबऱ्याच्या वासात ते शब्द मला पाठ झाले, त्याला होईनात. नुसती जळायचे मी.

मेडशेन म्हणजे मुलगी, म्हणून त्या दिवशी तो पुन्हा 'दी मेडशेन' म्हणाला. मी ओरडलेच, "दास रे, दास! आपण नाय म्हणत, 'ता चेडू खंय गेला?' तसाच ता!" आमच्या मालवणीत मुलगी म्हणजे चेडू, आणि तिला 'ती' नाही, 'ता' म्हणजे 'ते' म्हणतात.

बाबा खूश होऊन हसले, "चेडू हुशार झाला हां!" आणि दादाच्या ट्रंकेला नवं कुलूप लावून बघू लागले.

पुढच्या महिन्यात नात जर्मनीला चालली आहे. मला फार आनंद झालाय, असं मी सगळ्यांना सांगते.